सशाचा पाव

तिकीटखिडकीतल्या मुलीनं विचारलं, "पेन्शनर कुणी?"
ओपांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी,
कोटाच्या आतल्या खिशातून कार्ड काढलं.
"सत्तावीस वर्षं हे लोक मला पैसे देत होते," म्हणाले,
"आता बघ."
ती हसली. तिला तो विनोद वाटला.

हेल्काला गुलाबी हेल्मेट हवं होतं,
मिळालं पिवळं, त्यावरून थोडी रडारड.
ओलेक भिंतीवरचा नकाशा वाचत होता,
मार्चिन पार्किंगचे तास मोजत होता.
मी मात्र ससा बघायला आले होते.

हे कुणाला सांगितलं नव्हतं.

आमच्या सायलेसियात खाणीतून परतणारा बाप
डब्यातला अर्धा पाव घरी आणायचा:
चरबी लावलेला, तेलकट कागदात,
कडेवर अंगठ्याचा काळा ठसा.
"वाटेत ससा भेटला," म्हणायचा, "तुझ्यासाठी दिलाय त्यानं."
आळीतल्या सगळ्याच बापांना ससा भेटायचा.
बाकीच्यांचा ससा रानात राहायचा.
माझा राहायचा खाली, तीनशे वीस मीटरवर,
कारण माझ्या पावाला गवताचा वास नव्हता,
ओल्या दगडाचा होता, नि ग्रीसचा.
सशाला शिंगं असतील एक वेळ,
पण तो नाहीच, हे मला कुणी पटवू शकलं नसतं.

पिंजरा खाली निघाला. कान दडपले.
हेल्कानं माझी दोन बोटं गच्च धरली.
गाइड पोरगेला, दाढी नीट कोरलेली,
घोड्यांचं सांगत होता, पंपांचं, टनांचं.
ओपा ऐकत होते, चर्चमध्ये ऐकतात तसे,
म्हणजे दुसरीकडे बघत.
फक्त एकदा एका जुन्या खांबाला हात लावून म्हणाले,
"लाकूड मोडायच्या आधी कण्हतं.
लोखंड काहीच सांगत नाही."
गाइड थांबला. मग पुढच्या टनांकडे वळला.

पुढे छत कमरेएवढं उतरलं.
घरी दोन पायऱ्यांना कठडा धरणारा हा माणूस
काठी ओलेककडे देऊन
असा वाकला, की जणू कुणी त्याला घडीवर दुमडलं.
आम्ही मागून रांगत,
हेल्मेटं ठणाठण आपटत,
मार्चिन आईबहिणीवरून काहीतरी पुटपुटत.

वळणावर एक कोनाडा होता. गाइडच्या यादीत नव्हता.
ओपा त्यात बसले. बरोबर मावले.
"इथं जेवायचो," म्हणाले. "डबा तारेला टांगून. उंदीर फार."
मी टॉर्च कोनाड्यात फिरवला,
कोपऱ्यात, तळाशी, पुन्हा कोपऱ्यात.
"काय शोधतेस?"
"काही नाही," म्हटलं. आणि मग, का कोण जाणे, विचारलं,
"पाव उरायचा रोज?"

"उरतोय कसला," ते म्हणाले. "ठेवायचो."

गाइडनं हाका मारल्या. आम्ही निघालो.
त्यानंतरचं मला फारसं आठवत नाही.
एक पंप होता, लाल रंगाचा.
कपडे बदलायच्या दालनात, पार वर छताखाली,
साखळ्यांना टांगलेल्या विजारी,
आतली माणसं गळून पडल्यासारख्या.
हेल्का त्यांना हात हलवून टाटा करत होती.

कँटीनमध्ये सूप घेतलं, पाव घेतला.
ओलेकला खाणीच्या आकाराचं खोडरबर हवं होतं,
खाणीला कसला आकार, यावर बापलेकांचं वाजलं.
ओपा हात धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत.
तीस वर्षं झाली, बोटांच्या पेरांतले निळे डाग
अजून तिथंच आहेत. कातडी वर, कोळसा खाली.

घरी पोचलो. रात्र झाली होती.
किल्ली शोधायला कोटाच्या खिशात हात घातला,
तर कागदात काहीतरी मऊ.
अर्धा पाव.

मी, सत्तेचाळीस वर्षांची बाई,
पोरं, नवरा, पिशव्या, सगळं मागे जिन्यात ताटकळत,
दाराबाहेरच्या दिव्याखाली
पावाच्या कडेवर अंगठा शोधत उभी राहिले.

कड स्वच्छ होती.
तरी तिथूनच खायला सुरुवात केली.